जळण

रविवारी बोट सुटावी की नाही
यावरून चर्च दुभंगलं, त्याला एकोणीस वर्षं झाली.
बेटावर माणसं एकशे चाळीस, प्रार्थनाघरं दोन,
आणि माझा नवरा टॉर्किल
अजून जिंकतोच आहे.

त्याचा भाऊ ईव्हर समोरच्या टेकाडावर राहतो.
पत्रं जातात, वचनांच्या आकड्यांनी टोचलेली.
खाली ‘लोभ असावा’ नाही.

एकदा म्हटलं, सोडून द्या ना आता.
म्हणाला, ऑइरिक, खोटं चालू दिलं
तर त्याला प्रेम म्हणायचं?
मला उत्तर सुचलं नाही.
अजून सुचत नाही.

यंदा ईव्हरचा खांदा निखळला.
दलदलीतून कापलेल्या जळाऊ मातीच्या ढेपा
तशाच ओल्या पडून. हिवाळ्याला काय जाळणार तो?

काल मध्यरात्री अंथरूण रिकामं.
जूनमधला उजेड इथे पुरता विझत नाही;
शाल घेऊन मागोमाग गेले.
टॉर्किल वाकून भावाची रास लावत होता,
ढेपेवर ढेप, वारा खेळेल अशी,
आणि ओठ सारखे हलत होते.

वाटलं, प्रार्थना.
जवळ गेले तर
चौथा मुद्दा चालला होता.