पाचवी सिटिंग

रबर ताणून सोडल्यासारखं लागेल, म्हणाल्या डॉक्टरबाई.
डोळ्यांवर काळ्या वाट्या, गालावर गार जेल,
आणि डाव्या कानापासून हनुवटीपर्यंत
यंत्र टिकटिकत चाललं.
वास आला.
चादरीच्या कडेची सुटी टोकं काडीने जाळताना येतो, तोच.

पहिल्या वेळी त्यांनी कागदावर काढून दाखवलं होतं :
बारीक भोकं, ओळीत, सारख्या अंतरावर,
मधली कातडी शाबूत.
भोकं पाडली की खालून नवी भरून येते.
हे मला माहीत आहे, मी म्हटलं.
नाना अशोक चौकात जॅकार्डचे पत्ते पाडायचे.
पुठ्ठ्याला भोक, भोकाला सुई, सुईला दोरा,
आणि दुसऱ्या टोकाला मोर.
डॉक्टरबाई हसल्या. मोर नाही येणार, म्हणाल्या,
साठ टक्के, फार तर सत्तर.

राजेशम बाहेर बसलाय.
दर वेळी पैसे तोच भरतो, नोटा दोनदा मोजून,
पावतीची चौघडी करून वरच्या खिशात.
तो सहा वर्षांचा होता, मी नऊ.
रंगाच्या हंडीजवळ खेळू नका, सगळेच सांगायचे.
लाल रंग होता.
आई ओरडली रक्त समजून;
रक्त नाही हे कळल्यावर जास्त.

त्यावर आम्ही कधी बोललो नाही.
कोरफड झाली, कुणीतरी सांगितलेला कांद्याचा रस झाला,
तीन स्थळं चहा पिऊन गेली,
तरी नाही.
फक्त तो चालतो माझ्या उजव्या बाजूने.
जेवायला बसतो उजव्या बाजूला.
त्याच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा
माझा धड गाल त्याच्याकडे.

"किती गेला, मॅडम?" दारातूनच विचारतो,
माझ्याकडे न बघता,
कर्जाचे किती हप्ते उरले विचारावं तसं.

ऊन टाळा, डॉक्टरबाई बजावतात.
सोलापुरात. मे महिन्यात. ऊन टाळा!
सात रस्त्यावर रिक्षा मिळेना,
डांबर चपलेला धरत होतं.
राजेशमने छत्री उघडली,
बायकोची, फुलाफुलांची,
आणि उजवीकडून धरली.
ऊन डावीकडून येत होतं.

छत्री तिरकी करून पाहिली त्याने,
हात लांब करून पाहिला.
पुरेना.
मग मागून वळसा घालून या बाजूला आला
आणि बघितलं.

"लाल आहे गं अजून, अक्का."
आजच केलंय ना, म्हटलं. उतरेल.

पुढे काही बोलला नाही.
रिक्षा आली, मी आत बसले,
तरी तो तसाच उभा, छत्री उघडी धरून,
रिक्षावाला हॉर्न वाजवीपर्यंत.