गुरुवारची छतं

चेहरे फार नंतर कळले.
आधी कळली ती छतं.

गुरुवारी रात्री आठ वाजता आम्ही पाचजण
आपापल्या घरात जमिनीवर उताणे पडतो,
पोटऱ्या खुर्चीवर, फोन कानाशी,
आणि फोनला दिसतं ते फक्त वरचं.
हेल्दुरकडे धुराने काळी पडलेली तुळई.
नार्वात, झिनाइदाकडे, ओलीचा डाग, बदकासारखा.
दर हिवाळ्यात बदक जरा अंग धरतं.
माझ्याकडे काचेचा दिवा, त्यात तीन मेलेल्या माश्या.
"काढ की त्या," मायमू पहिल्याच दिवशी म्हणाली.
"स्टुलावर चढता येत असतं
तर इथे कशाला आले असते?"
कुणीतरी हसलं, हसताना कळ आली म्हणून ओरडलं,
मग सगळेच हसत ओरडत राहिलो.

मी तार्तूत बावीस वर्षं बस चालवली.
आता बसमध्ये उभी राहते, बसायची भीती वाटते म्हणून,
आणि तरणी पोरं मला जागा देतात.
त्यांना काय सांगणार?

हेल्दुर एकतीसचा होता तेव्हा
डॉक्टरांनी फिल्म खिडकीच्या उजेडात धरली
आणि म्हणाले, ही तर ऐंशीच्या म्हाताऱ्याची पाठ.
त्यांचा दिवस असेल घाईचा, विसरलेही असतील.
हेल्दुर आज अठ्ठावन्नचा आहे.
एवढे ओंडके वाहिले त्याने, ओंडक्यांनी वाकला नाही.
त्या एका वाक्याखाली सत्तावीस वर्षं वाकून चालतोय.

झिनाइदा सूतगिरणीत होती, गिरणीला कुलूप लागेपर्यंत.
डॉक्टर नाही ती.
डॉक्टरांना विचारून विचारून भंडावून सोडलेली बाई.
तिचं एस्टोनियन मोडकं, आमचं रशियन त्याहून,
म्हणून ती वस्तू दाखवते.
एकदा लोकरीचा पीळदार दोर दाखवला,
मुरडला, सोडला, पुन्हा मुरडला.
"वाकायसाठीच केलाय. बघ, हेल्दुर.
आणि चकती म्हणजे साबण नाही, हातातून सटकायला.
रिपोर्टात आहेत त्या सुरकुत्या, आतल्या.
माझ्या बहिणीलाही आहेत. ती शनिवारी नाचते."
मग गिरणीतल्या घंटेची गोष्ट.
एकदा खरीच आग लागली, घंटा वाजली, माणसं वाचली.
पुढे कुणी पाव भाजला तरी वाजायला लागली.
"घंटा खोटारडी नव्हती," झिनाइदा म्हणते.
"घाबरलेली होती."

आणि तेच शेवटचं, दर गुरुवारी:
पाय लुळा पडला, लघवीचं भान गेलं,
तर मला नाही, ॲम्ब्युलन्सला फोन करायचा.
हे आम्हाला तोंडपाठ आहे.

दुखणं दहापैकी किती, असं इथे विचारत नाहीत.
विचारतात, मोजे घातलेस?
दोन्ही?

लेम्बित कधीच बोलत नाही. त्याचं छत कोरं आहे.
जानेवारीत एका रात्री तीन वाजता
कूस बदलता येईना, रडूही येईना,
तेव्हा मी लिहिलं, कुणी जागं आहे का?
एक कोरं छत उघडलं.
दिवा लागला.
सकाळच्या पहिल्या बसचा आवाज येईपर्यंत
त्याचा श्वास ऐकू येत होता, थोडा घरघरता.
बस्स, एवढंच.

गेल्या गुरुवारी हेल्दुरची तुळई दिसेना.
नुसतं करडं, काहीतरी हलणारं.
"पडलास का रे?" मायमू किंचाळली.
"उभा आहे. टपालपेटीपाशी."
त्याच्या दारापासून पेटी दोनशे पावलं,
शेजारी आणून देतो त्याची पत्रं, कित्येक वर्षं.
"दुखतंय?"
"दुखतंय की."
मग कुणीच काही बोललं नाही.
फोनच्या काचेवर बर्फ भुरभुरत राहिला,
वितळत राहिला.
आमच्या पाचातलं ते पहिलं आभाळ.

"टोपी घातलीस का?" झिनाइदाने विचारलं.