काल सतराच

जिमचं कार्ड सप्टेंबरात काढलं,
वर्षाचं एकदम, सवलतीत.
ऑक्टोबरात दोनदा गेले.
नोव्हेंबरापासून ते पाकिटात
बसच्या पासाखाली निजून आहे,
माझ्यासारखंच, तोंडावर पांघरूण ओढून.

वेळापत्रकही केलं होतं, तीन रंगांत.
हिरवा म्हणजे व्यायाम.
सोमवारचा हिरवा लॅबने खाल्ला,
बुधवारचा बेकरीतल्या पहाटेच्या शिफ्टने,
शुक्रवारचा कुणी खाल्ला आठवत नाही,
बहुतेक मीच.

बाबा फोनवर विचारतात, "घाम येतो का गं?"
जेवलीस का, हे खातं आईकडे.
बाबा मिरजेच्या तालमीत वाढलेले;
त्यांच्या लेखी घाम हा वेगळा विषय आहे,
शंभर मार्कांचा.
मी म्हणते, येतो.
अगदीच खोटं नाही ते.
वॉकलीचा चढ, हातात पाच किलो तांदूळ,
आणि पंच्याण्णव नंबरची बस
डोळ्यांदेखत निघून गेलेली.

मग जानेवारीत
पलंग आणि टेबलाच्या मध्ये
सहा फूट बाय अडीच फूट
एवढी जमीन सापडली.
इतके दिवस तिच्यावर धुवायचे कपडे नांदत होते.
शेफील्डमध्ये सव्वाआठपर्यंत सूर्याचा पत्ता नसतो.
मी सात वाजताच त्याला नमस्कार घातला,
उधारीवर.
मित्राय, रवये, सूर्याय, भानवे...
पुढचं नाव आठवेना,
म्हणून पुन्हा मित्रापासून.
पाय मागे, धप्प.
पाय पुढे, धप्प.
लाकडी जमीन कण्हत होती, मीही.

चौथ्या दिवशी खालून ठोकलं कुणीतरी.
तीनदा. काठीने.
मी जागच्या जागी गोठले, ढुंगण वर, डोकं खाली.

तीन दिवस बंद.
खरं सांगायचं तर मनातून बरं वाटलं;
आळसाला इतकं सभ्य कारण
याआधी मिळालं नव्हतं.

चौथ्या दिवशी जिन्यात भेटले.
मिस्टर ऑटरशॉ. टपालावर वाचलेलं नाव,
त्याला आता भुवया होत्या, जाड, पांढऱ्या.
मी माफीची वाक्यं जुळवत होते, तेवढ्यात तेच म्हणाले,
"आजारी होतीस का, लव्ह?"
इथले म्हातारे सगळ्यांनाच लव्ह म्हणतात.
गुडघा नवा बसवलाय त्यांचा.
खुर्चीतून उठायचं, बसायचं, रोज वीस वेळा.
एकट्याला आकडा लक्षात राहत नाही.
"तुझ्या पहिल्या धप्पला मी उठतो,
दुसऱ्याला बसतो.
त्या दिवशी फार घाईत होतीस.
काठी आपटली ती, जरा हळू, म्हणून."

काय शिकतेस, विचारलं.
म्हटलं, धातू कसा थकतो ते.
छोटंच वजन, पण पुन्हा पुन्हा दिलं
की एक दिवस भेग जाते.
चाळीस वर्षं पोलादाच्या गिरणीत काढलेला माणूस
स्वतःच्या गुडघ्याकडे बघून इतका हसला
की कठडा धरावा लागला.

आता असं काही नाही की सगळं सुरळीत झालं.
परीक्षेच्या आठवड्यात दोन दिवस बुडाले.
बुधवारी बेकरीतून येते तेव्हा
नाकात पीठ आणि पायांत शिसं असतं.
बाबांना विचारलं, भानवेनंतर काय?
त्यांनाही मधूनच सांगता येईना,
मित्रापासून सुरू करून ते तिथवर आले:
खगाय.
आणि विचारलं नाही, घाम येतो का.

आज दाराखालून चिठ्ठी आली होती,
गॅसच्या बिलाच्या पाठीवर:
काल सतराच.
मी वीस केल्या.

रात्री दोनपर्यंत रिपोर्ट लिहीत होते.
सात वाजून सहा मिनिटं झालीत.
बाहेर काळोख, कचऱ्याच्या डब्यांवर दंव.
डोळे मिटूनच होते,
तेवढ्यात खाली खुर्ची सरकवल्याचा आवाज आला.