सोळातला एक आणा

उद्यमबागेत, फाउंड्रीच्या मागच्या गल्लीत,
भरमा मेस्त्री दोन स्वे बार मांडतो गोणपाटावर.
दोन्ही वाकलेले सारखेच,
बादलीच्या दबलेल्या कडीसारखे.
एक भरीव, बावीस मिलीमीटर.
एक पोकळ, चोवीस.

"उचल बघू."
पहिला चार किलोला जरा कमी,
दुसरा दोनाच्या थोडा वर.
"आणि ताठपणा दोघांचा एकच."
मला पटत नाही. त्याला तेच हवं असतं.

खडूनं फरशीवर वाटोळं काढतो,
त्याच्या पोटात निम्म्या मापाचं दुसरं.
"वळणावर गाडी कलली की दांड्याला पीळ बसतो गा,
आणि पिळाचा सगळा जोर कडेला.
हे मधलं बघ, वजन चार आणे,
काम सोळातला एक आणा.
बसून खातंय नुसतं."

मग तेच कानडीत सांगतो
जॅकखाली पडलेल्या इराप्पाला.
इराप्पाचे पाय हसतात.
कडेला जोर किती पडतो
हे या गल्लीत कुणाला शिकवावं लागत नाही.

"मग सगळेच पोकळ का करत नाहीत?"
मेस्त्री कोपऱ्यातून एक तुटका तुकडा आणतो,
कणकुंबीकडच्या कुठल्या जीपचा.
बाहेरून काळा रंग अजून चकचकीत.
उभा धरून पान्यानं ठोकतो,
आतून लाल भुगा गळतो,
गळत राहतो.
"भरीव गंजला तर तोंडावर दिसतंय.
ह्यानं सांगितलंच नाही कुणाला."

माझी सुमो आठवड्यातून तीनदा
चोर्ला उतरून साखळीला जाते.
मागच्या बाकावर मालूताई निलजकर,
नाकाशी लिंबू, डोळे मिटलेले,
प्रत्येक वळणाला माझ्या बापाचा उद्धार.

हिशोब पोकळाचा पटला.
घेतला भरीव.
"दोन किलो जास्त," मी म्हणालो, उगाच.
"एक भोपळा," मेस्त्री म्हणाला,
"गोव्याला जाताना तू पन्नास नेतोस."

गुरुवारी घाटात धुकं होतं.
डावं चाक खड्ड्यात गेलं,
उजव्याला लगेच कळलं,
एवढं एक वाईट झालं नव्या दांड्यानं.
पण वळणावर गाडी कलली आणि
मध्येच थांबली, जशी बोलता बोलता
कुणी जीभ आवरावी.

आरशात पाहिलं.
लिंबू मालूताईंच्या ओटीत होतं, न हुंगलेलं.
त्या झोपल्या होत्या.
खाली कुठेतरी, दांड्याच्या पोटात,
तो एक आणा
आपलं एक आण्याचं काम करत होता.