बिनसीटची

सगळ्यात आधी तिनं सीटच काढायला लावली.
कोसमतोंडी फाट्यावर सतरा वर्षं झाली मला.
सीटा बसवल्या, कव्हरं चढवली, स्प्रिंगा बदलल्या,
लेकरासाठी दांड्यावर बारकी सीट, तीही करून दिली.
काढून द्या म्हणणारं हे पहिलंच गिऱ्हाईक.
"मंग बससीन कुठं?"
"बसाचंच नाई ना काका,"
करिष्मा सयाम म्हणाली, आणि पाना माझ्या हातात दिला.

मग पुढचं चक्र. अठ्ठेचाळीस दात्यांचं उतरवलं,
अठराचं चढवलं, भंगारातल्या पोरसायकलचं.
साखळी इतकी उरली
की मी दुकानाच्या फाटकाला बांधून टाकली.
"यानं तू साकोलीले परवा पोचसीन."
हसली नाही. तिला साकोलीला जायचंच नव्हतं.
तिला जायचं होतं या दगडावरून त्या दगडावर,
चुलबंदीच्या पात्रात,
पाणी आटून ते म्हशींच्या पाठीसारखे
उघडे पडतात तेव्हा.

रिमवर ग्राइंडर फिरवा म्हणाली, तिथं हात थांबला.
चकाकती रिम म्हणजे माझ्या धंद्याची अब्रू.
"ओरखडे पायजेत. आडवे. एकसारखे."
वरून डांबराचा खडा घासला,
हायवेच्या कामावरून उचललेला.
ब्रेक दाबला तर चाक असं किंचाळलं
की समोर ढेकवारच्या हातून कपबशी निसटली.
पण चाक जागच्या जागी.
खुंट्याला बांधल्यासारखं.

हवा कमी. अजून कमी.
अंगठ्याखाली टायर
पिकल्या टेंभराइतकं दबेपर्यंत कमी.

साखळीखाली ढाल हवी होती, दगड लागतो म्हणून.
मी चांगली पाच मिलीची पट्टी कापून दिली.
तिनं ती तळहातावर तोलली,
बाजारात वाम मासा तोलतात तशी,
आणि परत केली. "भोकं पाडा."
अकरा पाडली. तरी जड.
तिसऱ्या दिवशी जर्मनचा एक गंज घेऊन आली,
शाळेच्या खिचडीचा, कानाशी फुटलेला.
कोणी दिला ते मी विचारलं नाही.
बूड कापलं, दुपदरी केलं, नटबोल्टनं बसवलं.
आतून अजून करपल्या भाताचा डाग आहे त्याला.

हँडलची मान दोनदा जोडली, दोनदा तुटली.
दुसऱ्यांदा हनुवटीला टाके घालून आली.
माझ्या वेल्डिंगबद्दल अक्षर नाही.
"तीन बोटं लांब करा," एवढंच.
रात्री मी तो सांधा पुन्हा खरवडला,
पुन्हा भरला,
घरी ताट झाकून ठेवलेलं होतं, गार.

आयतवारी नदीत राखेच्या रेघा आखल्या तिनं.
"पाय टेकला का एक. पाच झाले का संपलं.
तुमी मोजा."
मी बसलो. तिचीच सीट,
पाइपच्या तुकड्यावर ठोकलेली,
दुकानात आता माझं तेच स्टूल.

पुढं काय झालं ते नीट सांगता येत नाही.
म्हणजे ती फारशी चाललीच नाही.
दगडावर उभी होती, दोन्ही ब्रेक आवळून,
कोपरं हलत होती जराशी, चाक नाही.
एवढी वर्षं मी लोकांची सायकल पळती करून दिली,
उभी करून दिल्याचं आठवत नाही.
मग एकदम पुढचं चाक उचललं,
बाभळीच्या शेंगेला बकरी मागच्या पायांवर होते तशी,
आणि उडी.

एक टेकला. तिसऱ्या दगडावर अजून एक.
मोठ्या काळ्यावर ढाल आपटली,
शाळेतल्या घंटीसारखी वाजली,
सायकल डावीकडं कलली,
सावरली,
पलीकडं उतरली.

"टेकला का?" तिनं ओरडून विचारलं.

मी सांध्याकडं बघत होतो.
हँडलच्या मानेकडं, तीन बोटं लांब,
धरते का तुटते.
पायाकडं लक्षच नव्हतं माझं.

"सांगा ना काका, टेकला का नाई?"

खरं ते सांगितलं.
तिनं घाम पुसला, सायकल खांद्यावर घेतली
आणि शिव्या न देता
पहिल्या रेघेकडं परत गेली.