माणसाळलेला

एली, तू धावत आलास, बूट उलटसुलट घालून,
"आउने, बघ ना, हा माणसाळलाय!"
तुझ्या लोकरी हातमोज्यावर बसला होता तो,
चिमणीहून लहान, पिवळसर हिरवा सिस्किन,
आणि तू श्वास रोखून उभा,
कुणी तळहातावर पेटता दिवा ठेवल्यासारखा.

एकतीस वर्षं मी कुहमोच्या वाड्यावस्त्यांवर
परिचारिका म्हणून फिरले,
आधी स्कीवर, मग सरकारी लाडातून.
उंबऱ्यातच कळायचं. नाडी नंतर.
कुणाच्या कपातली कॉफी तशीच निवलेली,
कुणाची गळ्यापर्यंत बटणं, शेगडी धडधडत असताना,
कुणी नुसतं म्हणायचं, "ठीक आहे, ठीक आहे."
दोनदा.

तर नीट बघ.
बाकीचे सूर्यफुलाच्या बियांवर भांडतायत,
चोचीतलं हिसकावतायत, शिव्या देतायत.
पायरी करकरली की भुर्र,
सगळे बर्चच्या शेंड्यावर.
मागे उरतो तो हा.
पिसं फुलवून गोळा झालाय,
उन्हात, एप्रिलमध्ये, बर्फाला पाझर फुटलेला असताना.
डोळे अर्धे मिटलेले.
चोचीत बी आहे, पण ती फुटत नाही,
नुसती इकडून तिकडे.
शेपटीखाली चिकटलेलं, ओलं.
आणि हे शेवटी सांगते, कारण तुला आवडणार नाही:
तो तुला घाबरला नाही.

भीती म्हणजे पाखराची तब्येत, बाळा.
ती गेली की आपल्याला वाटतं, जवळ आला.

तू काही बोलला नाहीस.
हात मात्र दोनदा धुतलेस, साबणाने, कोपरापर्यंत,
मी सांगितलं तसे.
मिर्रीला आठवडाभर घरात कोंडायचं, हेही ऐकलंस,
ती खिडकीशी बसून दोघांनाही शाप देत राहिली.
सिस्किन बुटांच्या खोक्यात होता,
सकाळी तो खोक्याहून हलका वाटला.

मग मी फावडं घेतलं.
बर्फ मागे सरकला तशी वर आली
ऑक्टोबरपासूनची टरफलं, थरावर थर, विष्ठेत भिजलेली.
हे सगळं मीच वाढलं होतं,
रोज सकाळी, वेळेवर, मोठ्या कौतुकाने.
पाहुण्यांना एकाच ताटात बसवून.

खाऊघर रेइनोने ठोकलेलं, छप्पर जरा डावीकडे कललेलं,
तो म्हणायचा, वाऱ्यानं कललंय.
ते खाली काढलं. उकळतं पाणी ओतलं.
ब्रशने घासताना एक खिळा हाताला आला,
त्याच्या बाजूने वाकवलेला.
वाळवलं, आणि शेडमध्ये ठेवून दिलं, पालथं.

चार दिवस ते येत राहिले
हवेतल्या त्या चौकोनावर,
जिथे फळी होती तिथे पंख मारत, गोंधळत.
एक तर माझ्याकडे बघत होता, खरंच.
पाचव्या दिवशी पांगले,
आल्डरच्या बोंडांकडे, तळ्यापलीकडच्या सूचिपर्णांत,
जिथे एका फांदीवर दोघांनाच पुरेल इतकं असतं.
पांगणं हेच औषध होतं.
मला ठाऊक होतं. तरी खिडकी मोठी झाली.

काल तू आलास, बूट बरोबर घातलेले.
पक्ष्यांचं काहीच विचारलं नाहीस.
टेबलापाशी उभा राहिलास,
माझ्या कपाकडे पाहिलंस, त्यावर साय धरली होती,
मग माझ्या स्वेटरकडे, वरच्या बटणाकडे.
"आउने, बरी आहेस ना?"
"ठीक आहे," मी म्हणाले.

आणि तू गेला नाहीस.
टोपी हातात धरून थांबलास,
मी दुसऱ्यांदा म्हणते का, ते ऐकायला.