हळदीचं पाणी

ट्रॅक्टर आला स्वतःच्या चाकांवर, पण स्वतःच्या जोरावर नाही.
काटोलहून, भाच्याच्या पिकअपमागं, दोराला बांधून.
कळमेश्वरच्या अलीकडे दोर दोनदा तुटला.
स्टिअरिंगवर मी. चपला काढून ठेवलेल्या,
ब्रेकला तळपाय लागला की बरं वाटतं.

ऑटोमोटिव्ह चौकात शब्बीर मिस्त्री मला पाहून हसला.
"भाभी, नुसतं रेडिएटर आणलं असतं तरी चाललं असतं ना."
नुसतं रेडिएटर!
खालचे दोन बोल्ट घरी निघाले असते
तर एवढं लोखंड काय हवा खायला आणलं असतं बाप्पा?

ते त्याच्याच्यानंही निघाले नाहीत.
रॉकेल पाजलं, हातोडी दाखवली,
एक शिवी हिंदीत, एक मराठीत,
शेवटी ग्राइंडर.
ठिणग्या उडाल्या आणि मातीत विझल्या.
सेहेचाळीस डिग्रीत त्यांचंही कोणाला कौतुक नव्हतं.

खालचा पाइप सोडला तर पाणी आलं पिवळं,
पाहुणे वाढल्यावरच्या वरणासारखं.
हाताखालचा फैजान मागं सरला. "ये क्या है?"
हळद, म्हटलं. चार वर्षांची.
गळायला लागलं की एक मूठ टाकायची,
इंजिन तापू द्यायचं, बारीक भोक बुजून जातं.
आमच्या घरच्यांनी शिकवलं.
तेव्हापासून एक डबी गॅसजवळ, एक टूलबॉक्समध्ये.
टूलबॉक्समधली आधी संपते.

घरचे घरीच. मोतीबिंदू काढून तिसरा दिवस,
हिरवा चष्मा लावून कूलरसमोर,
दर अर्ध्या तासानं फोन:
उघडलं का? काय म्हणते? पाईप जुनेच ठेव म्हणा.

जाळी उन्हात आडवी ठेवली.
फटीफटीत कापूस, तुरीचा भुसा,
संत्र्याच्या फुलाच्या चार वाळक्या पाकळ्या,
एक अख्खी मधमाशी, काचेसारखी.
शब्बीर वरच्या टाकीवरून बोट फिरवत होता,
एका टाक्यावरून दुसऱ्यावर,
गावातली घरं ओळखावी तसा.
हा बाजारगावचा. हा कोण गाढवाचा. हा...
बोट थांबलं.
"हे अब्बूचं काम आहे."

कशावरून?
"डावखुरे होते. शिसं उजवीकडून डावीकडे ओढायचे.
आणि शेवटी हे, पाहा, असं वर उचलायचे."
पाहिलं. टाक्याच्या टोकाला
ज्वारीच्या दाण्याएवढा उंचवटा, वर बघणारा.
वीस वर्षं मी तिथंच कापड मारत होते.
मला वाटायचं, घाण चिकटलीय.

नवं रेडिएटर ॲल्युमिनियमचं.
एका हातानं उचललं गेलं म्हणून माझा विश्वास बसेना.
भोकं अर्ध्या बोटानं चुकलेली;
फैजान कानस घेऊन बसला, अजान झाली तरी बसला,
मग शब्बीरनंच त्याच्या हातातली कानस काढून घेतली.
पंख्याचं पातं आणि जाळी यांच्यात एक बोट हवं.
बोट माझंच घातलं. मावलं.

जुनं तांब्या-पितळेचं, काट्यावर नऊ किलो.
भाव झाला. मी वर पन्नास ओढले.
मग तो म्हणाला, "टाकीचा एवढा तुकडा कापून ठेवू?"
ठेव की, तुझाच आहे आता.
"वजनात धरलाय, भाभी."
दोनशे ग्रॅम भरला.
त्या दोनशे ग्रॅमचे मी घेतले नाहीत.
बाकीचे मोजून घेतले.

पाणी भरलं. बुडबुडे आले, थांबले.
फेटरीच्या चढावर काटा हलेना,
तर मीच दोनदा काचेवर टिचकी मारून पाहिली.
खाली, कोरड्या नव्या जाळीतून
गरम वारा घोट्यांवर येत होता.

फोन वाजला. कडेला घेतला.
"हळद टाकली का?"
नाही, म्हटलं. लागत नाही आता.
पलीकडून नुसता कूलरचा आवाज.
बराच वेळ.
मग म्हणाले, "बरं."
आणि घरी पोचेपर्यंत
त्यांचा एकही फोन आला नाही.